दोन केसपेपर, एकच बाई

(ऊसतोड कामगार स्त्रियांच्या आरोग्यप्रश्नांवरील एका परिसंवादात झालेल्या भाषणाचा मजकूर)



गळिताचा हंगाम ऐन भरात असताना साखर कारखान्याच्या परिसरातील एखाद्या ग्रामीण रुग्णालयाच्या बाकावर सकाळी जाऊन बसावे. तेथे एक दृश्य हमखास नजरेस पडते. बावीस-तेवीस वर्षांची एक स्त्री असते. तिला सातवा महिना लागलेला असतो आणि कडेवर दीड वर्षाचे मूल असते. मूल नुकतेच न्युमोनियातून उठलेले असते. त्याच्या बरगड्या मोजता येतात, केस विरळ आणि तांबूस झालेले असतात, आणि ते रडते तेसुद्धा आवाज न करता. त्या स्त्रीच्या हातात दोन केसपेपर असतात, एक तिचा आणि एक मुलाचा. तिच्या कागदावर लिहिलेले असते: रक्तदाब वाढलेला, पायांवर सूज, जड काम बंद, दर आठवड्याला तपासणी, डोके दुखल्यास वा डोळ्यांपुढे अंधारी आल्यास ताबडतोब जिल्हा रुग्णालय. मुलाच्या कागदावर लिहिलेले असते: दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे भरवावे, थंडी-धुरापासून जपावे, पंधरा दिवसांनी वजनासाठी आणावे. दोन्ही सल्ले शास्त्राला धरून आहेत आणि दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र हे दोन्ही कागद एकाच बाईच्या हातात आहेत, ही गोष्ट त्यांपैकी एकाही कागदावर लिहिलेली नसते.

अवघड गरोदरपण आणि आजारातून सावरणारे लहान मूल ही जोडी काही ऊसतोडीपुरतीच मर्यादित नाही. शहरातील सुखवस्तू घरातही ती येते, आणि तेथेही ती बाईला रडकुंडीस आणते. परंतु तेथे माहेरहून आई येऊन राहते, नवरा रजा काढतो, कामाला बाई लावता येते, आणि काही नाही तर दार लावून तासभर निजता येते. ऊसतोड बाईच्या कोपीला लावण्यासारखे दारच नसते. उसाच्या पाचटाची ती कोपी पाच-सहा महिन्यांचे घर असते. म्हणून या प्रश्नाचा विचार कोपीपासून केला पाहिजे. कोपीत जो उपाय टिकेल तो माडीवरही टिकेल, उलट मात्र होत नाही.

प्रथम शरीराची बाजू पाहू. गरोदरपणात विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४० वर ९० किंवा त्याहून अधिक भरू लागला, लघवीतून प्रथिने जाऊ लागली, की तो साधा थकवा राहत नाही. त्यातून झटके येऊ शकतात, वार सुटून रक्तस्राव होऊ शकतो, गर्भाची वाढ खुंटते. या विकाराचा खरा शेवट प्रसूतीनेच होतो. तोवर रक्तदाबाची औषधे, वारंवार तपासणी आणि झटक्यांचे लक्षण दिसताच मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन हे उपाय आहेत. हे इंजेक्शन महाग नाही, आणि रक्तदाब मोजण्याचे यंत्र तर उपकेंद्रातही असते. म्हणजे येथे बाई दगावते ती विज्ञान तोकडे पडल्यामुळे क्वचितच. बहुधा ती यंत्रापर्यंत वेळेवर पोहोचत नाही म्हणून दगावते.

‘विश्रांती’ या शब्दाविषयीही थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पूर्वी अशा बाईला महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळवून ठेवीत. आजचे वैद्यक तसे सांगत नाही. नुसते पडून राहिल्याने हा विकार बरा होतो असा पुरावा मिळालेला नाही, उलट फार काळ हालचाल बंद ठेवल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. तेव्हा विश्रांती याचा अर्थ ओझ्यापासून सुटका, पुरेशी झोप, वेळेवर अन्न आणि दवाखान्याच्या जवळ राहणे. हा अर्थ नीट समजून घेतला, तर एक सोयीस्कर पळवाट बंद होते. ‘गरिबाच्या बाईला कोठून आली गादीवरची विश्रांती’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांना सांगता येते की गादी कोणी मागितलेलीच नाही. मागणी डोक्यावरची मोळी उतरवण्याची आहे. तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणारी बाई सातव्या महिन्यातही तेच करीत असते.

मुलाची बाजूही तितकीच निकडीची आहे. मूल आजारातून उठले म्हणजे संकट टळले, अशी घरच्यांची आणि पुष्कळदा दवाखान्याचीही समजूत असते. वास्तविक गमावलेले वजन भरून काढण्याचा काळ तेव्हा सुरू होतो. आजारानंतर किमान दोन आठवडे मुलाला रोज एक जेवण जादा द्यावे, हा साधा नियम आहे. मूल तीव्र कुपोषित असेल, दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरत असेल, तर बारा-चौदा दिवस पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवून त्याला मोजूनमापून आहार द्यावा लागतो आणि नंतरही काही महिने वजनावर नजर ठेवावी लागते. अशा मुलाला भूक लागत नाही, ते मागत नाही. घास तोंडात धरून बसते. एका वाटीला पाऊण तास लागतो. हा पाऊण तास दिवसातून पाच वेळा कोण देणार, हा आहारशास्त्राचा प्रश्न नाही, तो मनुष्यबळाचा प्रश्न आहे.

आणि या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतलेल्या आहेत. १९३० च्या दशकात सिसिली विल्यम्स या डॉक्टरबाई पश्चिम आफ्रिकेतील गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घाना देशात, काम करीत होत्या. सुजलेल्या पायांची, सोललेल्या कातडीची, तांबूस केसांची मुले त्यांच्याकडे येत. तेथील गा भाषा बोलणाऱ्या बायका या रोगाला ‘क्वाशिओरकोर’ म्हणत. पाठचे मूल आले म्हणजे आधीच्या मुलाला जडणारा आजार, असा त्या शब्दाचा अर्थ. विल्यम्सबाईंनी १९३५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हेच नाव वापरले आणि ते जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. डॉक्टरांनी त्यात पुढे प्रथिने शोधली, उष्मांक मोजले. पण त्या निरक्षर बायकांनी नावातच कारण सांगून ठेवले होते: एक मूल मांडीवरून उतरवले जाते, कारण दुसरे पोटात आहे. मूल जन्मल्यानंतर पुढच्या गरोदरपणापूर्वी किमान दोन वर्षे जाऊ द्यावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो सल्लाही याच अनुभवाचे शास्त्रीय रूप आहे.

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. पोटुशी बाईचे दूध मुलाला बाधते असे समजून दिवस राहिल्याचे कळताच मुलाला अंगावरून तोडतात. गरोदरपण सुरळीत असेल तर असे एकदम तोडण्याचे कारण नसते. अकाली कळा, रक्तस्राव अशी गुंतागुंत असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून निर्णय घ्यावा. पण दूध तोडायचेच झाले तर त्याच्या जागी दुसरे काहीतरी ताटलीत पडले पाहिजे. कोपीत बहुधा पडते ती चहात बुडवलेली बटर किंवा पाच रुपयांचा बिस्किटांचा पुडा.

आता मूळ गाठीकडे येऊ. ही बाई काम का थांबवत नाही? तिला कळत नाही म्हणून? तिला सारे कळते. बीड जिल्ह्यातून आणि आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास लक्षावधी माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्यांची गणना माणसांत होत नाही, ती ‘कोयत्यां’त होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, मजुरी ठरते ती टनाला, आणि हिशेब लिहिला जातो नवऱ्याच्या नावावर. बाईने काम सोडले तर कोयता अर्धा होतो. अर्ध्या कोयत्याला फडात किंमत नाही. एक दिवस गैरहजर राहिले की खाडा धरतात, म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंड उचलीत चढतो. हंगाम संपला तरी उचल फिटली नाही, तर ती पुढच्या वर्षाच्या माथी जाते. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, आणि ती संघटनेच्या लढ्याने मिळाली हे खरे. पण दर वाढला तरी कोयत्याची व्याख्या बदलली नाही. बाई आजारी पडण्याची सोय त्या व्याख्येत पूर्वीही नव्हती आणि आताही नाही.

या व्यवस्थेचे टोक २०१९ साली सर्वांसमोर आले. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढण्यात आली, असे त्या वर्षी जूनमध्ये विधिमंडळात शासनाकडून सांगण्यात आले. सभागृहात खळबळ उडाली, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाळी म्हणजे खाडा, बाळंतपण म्हणजे खाडा, अंगावर जाणे म्हणजे खाडा, असा हिशेब ज्या धंद्यात आहे तेथे पंचविशी-तिशीतील बाई स्वतःचे गर्भाशय अडचण समजू लागली तर नवल ते काय? त्या वेळी पुष्कळ लेख आले. त्यांतील बहुतेकांनी लोभी डॉक्टरांवर बोट ठेवले, आणि तेही चुकीचे नव्हते. पण डॉक्टरच्या दारापर्यंत बाईला कोणी ढकलत नेले, हा प्रश्न विचारणारे थोडे निघाले.

कायद्याचे काय? महाराष्ट्राला या बाबतीत अभिमान वाटावा असा इतिहास आहे. १९२४ साली ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिसाहाय्याचे विधेयक मांडले होते. ते फेटाळले गेले. पुढे मुंबई विधिमंडळात असे विधेयक आले तेव्हा, १९२८ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. प्रसूतीच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या भाराचा काही वाटा सरकारने उचलावा हे त्यांना मान्य होते, पण सरकार उचलत नाही म्हणून मालकाची जबाबदारी संपते हे मान्य नव्हते. १९२९ साली मुंबई इलाख्याचा प्रसूतिलाभ कायदा झाला. या विषयावरील तो देशातला पहिला कायदा होय. गिरणीतील बाईसाठी जे तेव्हा मान्य झाले, ते त्याच मुंबईला साखर पुरवणाऱ्या बाईपर्यंत शंभर वर्षांत पोहोचलेले नाही.

१९६१ साली देशव्यापी प्रसूतिलाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी भरपगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिना रजेची तरतूद मूळ कायद्यातच होती. पन्नास वा अधिक कामगार असतील तेथे पाळणाघर आले. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी घेतल्या गेल्या. पात्रतेसाठी अट काय, तर वर्षात ऐंशी दिवसांचे काम. ऊसतोड बाई एका हंगामात दीडशे दिवस राबते. मग तिला लाभ का नाही? कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत, तोडणी-वाहतुकीचा करार ठेकेदाराशी आहे. ठेकेदार म्हणतो, मी केवळ टोळी आणून देतो. मुकादम म्हणतो, मीही मजूरच. उसाच्या प्रत्येक टनाचा काटा होतो, त्याची पावती निघते, उतारा दोन दशांश स्थळांपर्यंत नोंदला जातो, पण तो तोडणाऱ्या बाईचा मालक कोण याचा पत्ता लागत नाही! दिल्ली महानगरपालिकेच्या हजेरीपटावरील रोजंदार स्त्रियांनाही प्रसूतिलाभ मिळाला पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. तेथे निदान हजेरीपट तरी होता. येथे बाईचे नाव असलेला कागदच नाही.

शासनाच्या योजना नाहीत असे नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक गरोदर स्त्रीला किमान सहा हजार रुपयांचा हक्क दिला. प्रत्यक्षात २०१७ पासूनची मातृवंदना योजना पहिल्या अपत्याला पाच हजार देते. दुसऱ्या वेळी पैसे मिळतात ते २०२२ पासून, आणि तेही मुलगी झाली तरच. मुलीचे स्वागत व्हावे हा हेतू चांगला आहे. पण कडेवर आजारी मूल आणि पोटात दुसरे, अशा ऐन अडचणीच्या वेळी मदत मिळेल की नाही हे बाळाच्या लिंगावर ठरावे, यात कोणते शहाणपण आहे? बाईचा रक्तदाब तर मुलगा-मुलगी पाहून चढत नाही. २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील बाळंतपण, सिझेरियन, औषधे, आईचे जेवण आणि वाहन मोफत आहे. नवजात बालकावरील उपचारही मोफत आहेत. २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर स्त्रियांची खास तपासणी होते आणि जोखमीच्या बाईच्या कार्डावर लाल चिकटी लावतात. या साऱ्याचा उपयोग झाला आहे, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण या सर्व योजनांच्या मधोमध एक भोक आहे, आणि त्या भोकातून ते दीड वर्षाचे मूल खाली पडते. आईला भरती केले तर प्रसूतिकक्षात त्याला जागा नाही. मुलाला पुनर्वसन केंद्रात ठेवले तर सोबत आई लागते, आणि तिच्या बुडालेल्या मजुरीची भरपाईही धरलेली असते. परंतु ती आई स्वतःच लाल चिकटीची रुग्ण असेल तर काय करायचे, याचे उत्तर कोणत्याच परिपत्रकात सापडत नाही. म्हणून ती दोन्हीकडून निघून येते. नोंदवहीत तिच्यापुढे ‘सल्ला न मानता गेली’ असा शेरा पडतो.

येथे पुरुषांविषयी दोन शब्द बोलावे लागतील, आणि ते सभेतील काहींना रुचणार नाहीत. पुनर्वसन केंद्रात मुलाजवळ बापाने राहू नये असा कोणताही नियम नाही. सोबत राहणारी व्यक्ती म्हणजे आईच, हे दवाखान्याने आणि समाजाने परस्पर ठरवून टाकले आहे. वाटीतील खिचडी चमच्याने भरवणे हे ऊस तोडण्यापेक्षा अवघड काम नाही, फक्त ते बापाने केलेले पाहण्याची डोळ्यांना सवय नाही. अर्थात त्यानेही फड सोडला की खाडा आहेच. म्हणजे त्याला उपदेश करायचा तर आधी खाडा बंद करायला हवा. कामगार संघटनांच्या मागण्यांच्या यादीत दर, मुकादमाचे कमिशन, विमा हे सारे असते. आजारी मुलासाठी बापाला बिनदंडाची सुटी, ही मागणी आजवर कितीदा वाटाघाटीच्या टेबलावर आली, याचा विचार संघटनांच्या पुरुष पदाधिकाऱ्यांनी मोकळेपणाने करावा.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते फार खर्चाचेही नाही. १९६९ साली मीरा महादेवन यांनी दिल्लीत राजघाटाजवळच्या एका बांधकामावर, मजूर बायांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू केले. मातीत लोळणारी मुले त्यांना पाहवली नाहीत, एवढेच निमित्त झाले. ‘मोबाईल क्रेशेस’ या नावाने ते काम वाढले, पुढे मुंबई-पुण्यातही आले. काम हलले की पाळणाघर हलायचे, ही त्यातील कल्पना. ऊसतोडीची टोळीही हलतीच असते. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात, कामावर पाच किंवा त्याहून अधिक लहान मुले असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई नेमून तिला त्याच दराने मजुरी द्यावी, अशी तरतूद केली गेली होती. ती कागदावर किती राहिली आणि कामावर किती उतरली हा भाग वेगळा, पण तत्त्व मान्य झाले होते की मूल सांभाळणे हेही काम आहे आणि त्याला मजुरी आहे. हेच तत्त्व फडात का लागू होऊ नये? वीस कोप्यांच्या तळावर दोन बायकांना मजुरी देऊन मुले सांभाळायला आणि दिवसातून तीन वेळा गरम अन्न भरवायला ठेवले, तर त्याचा खर्च साखरेच्या किलोमागे मोजायलासुद्धा कठीण जाईल. आणि जोखमीच्या गरोदर बाईलाच हलके काम म्हणून ही नेमणूक दिली तर? हा विचार वरवर सोपा दिसतो, पण त्यात एक मेख आहे. वीस मुले सांभाळणे हे हलके काम आहे असे ज्याला वाटते, त्याने एक दिवस सांभाळून पाहावे. तिला बसून करता येईल असा वाटाच दिला पाहिजे, नाहीतर मोळी उतरली आणि पोरे डोक्यावर बसली असे व्हायचे.

दुसरी गोष्ट कागदांची. गावच्या अंगणवाडीत बाईचे आणि मुलाचे नाव असते, ती कारखान्यावर आली की तेथील सेविका ‘तुमचे नाव आमच्या यादीत नाही’ म्हणते. तिचाही दोष नाही, तिला आहार यादीप्रमाणेच येतो. हंगामापूर्वी आणि हंगामानंतर ऊसतोड कामगारांची आरोग्यतपासणी करण्याचे धोरण २०१९ नंतर पुढे आले, ते चांगलेच आहे. परंतु रक्तदाब चढतो तो हंगामाच्या मध्ये, आणि मुलाचे वजन उतरते तेही मध्येच. म्हणून माता-बालकाचे कार्ड ज्या गावी बाई असेल त्या गावी चालले पाहिजे, आणि आईच्या कार्डावर लाल चिकटी लागली की त्याच वेळी तिच्या घरातील पाच वर्षांखालील मुलांचे वजन घेतले गेले पाहिजे. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवी इमारत लागत नाही. कार्डावर एक रकाना वाढवावा लागतो.

तिसरी गोष्ट उचलीची. सहाव्या महिन्यानंतरची किंवा लाल चिकटीची बाई असेल, तर तिच्या वाट्याची उचल कोयत्यातून वजा धरावी आणि ती कारखाना व कल्याण महामंडळाने मिळून भरावी. तिचे काम बंद झाले तरी नवऱ्याचा अर्धा कोयता पूर्ण दराने चालू राहावा. साखर संघाचे प्रतिनिधी म्हणतील की यात फसवणूक होईल. काही प्रमाणात होईलही. काट्यावर होणारी फसवणूक ज्यांनी इतकी वर्षे सोसली, त्यांच्याविषयी ही शंका आधी घेतली जावी, हे मात्र विलक्षण आहे.

येत्या दिवाळीनंतर टोळ्या पुन्हा गाव सोडतील. ट्रकवर संसार चढेल: पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, कळशा, कोंबड्या, आणि या साऱ्यांच्या वर मुले. ट्रक सुटण्यापूर्वी गावच्या आशा सेविकेने, सरपंचाने आणि संघटनेच्या कार्यकर्त्याने मिळून एकच यादी करावी. या गाडीत पोटुशी बाया किती, त्यांच्यापैकी जोखमीच्या कोण, त्यांच्या कडेवरची मुले किती किलोंची, आणि त्या जेथे उतरणार तेथून रुग्णालय किती अंतरावर. त्या यादीची एक प्रत मुकादमाच्या खिशात, एक कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याच्या टेबलावर आणि एक त्या गावच्या आरोग्य केंद्रात पोहोचली पाहिजे, आणि ती पोहोचली की नाही हे पहिल्या पंधरवड्यातच कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजे.